पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ

(तालुक्याच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, टीबीचा रुग्ण घरात निघाला की आपल्याकडची जुनी माणसं एक वाक्य हमखास बोलायची: "त्याला खुराक लागतो." दूध, अंडी, तूप, जमलं तर मटणाचा रस्सा. मी शिक्षण पुरं करून एका रुग्णालयात कामाला लागले तेव्हा हे वाक्य मला मागासलेलं वाटायचं. टीबी जंतूमुळे होतो, जंतू गोळ्यांनी मरतो, यात अंड्याचा काय संबंध?

त्या वर्षी एक बाई आमच्याकडे आली. वय तिशीच्या आतलं, वजन 31 किलो. बेडक्यात जंतू सापडले, त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. निघताना तिच्या नवऱ्यानं विचारलं, "मॅडम, हिला खायला काय देऊ?" मी म्हणाले, "काहीही द्या, पथ्य नाही. फक्त गोळ्या चुकवू नका." तिसऱ्या आठवड्यात तो एकटाच आला. उरलेल्या गोळ्या परत करायला आला होता.

गोळ्या बरोबर होत्या, डोस बरोबर होता. 31 हा आकडा कार्डावर मीच लिहिला होता. पण तो लिहिला होता डोस ठरवण्यासाठी. तो आकडा स्वतःच एक आजार आहे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

आम्हाला ते का शिकवलं गेलं नाही, याचा शोध घेताना मी 1956 सालच्या मद्रासपर्यंत गेले.

त्याआधी टीबी म्हणजे सॅनिटोरियम. आपल्याकडे पाचगणीला होतं, मिरजेजवळ होतं. स्वच्छ हवा, सक्तीची विश्रांती आणि पोटभर अन्न. दुसरं द्यायला काही नव्हतंच. मग 1944च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिन आलं, पाठोपाठ आणखी दोन औषधं आली आणि प्रश्न पडला की सॅनिटोरियम आता हवंच का? देशात रुग्ण लाखांनी आणि खाटा काही हजार. मद्रासला टीबीच्या औषधोपचारांवर संशोधन करणारं एक केंद्र 1956 साली उभं राहिलं होतं. त्या केंद्रानं डॉ. वॉलेस फॉक्स या ब्रिटिश डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे पडताळून पाहिलं. शहरातल्या गरीब वस्तीतले रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एक गट वर्षभर सॅनिटोरियममध्ये, दुसरा आपापल्या खोलीत, त्याच गर्दीत, त्याच जेवणावर. औषधं दोघांना एकच.

1959 साली निष्कर्ष छापून आला. घरी राहिलेले रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले होते. सॅनिटोरियममधल्यांचं वजन जास्त वाढलं होतं, त्यांना जेवण चांगलं होतं, पण जंतू दोन्हीकडे सारखेच हटले. घरी रुग्ण ठेवला म्हणून घरच्यांना जास्त लागणही झाली नाही.

या अभ्यासाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यानं जगभरच्या गरिबांना वर्ष वर्ष घरदार सोडून राहण्यातून सोडवलं. आज आशाताई घरी जाऊन गोळ्या देते, त्याचं मूळ तिथे आहे. पण त्या अभ्यासानं विचारलेला प्रश्न एवढाच होता: औषध चालू असताना जंतू मारायला चांगलं जेवण लागतं का? उत्तर आलं, फारसं नाही. आणि पुढच्या पन्नास वर्षांत ते उत्तर आम्ही भलत्याच प्रश्नांना चिकटवलं. टीबी मुळात कुणाला होतो? औषध सुरू झाल्यावरही पहिल्या दोन महिन्यांत कोण दगावतं? घरात एकाला झाल्यावर पुढचा नंबर कुणाचा? मद्रासच्या अभ्यासानं हे विचारलंच नव्हतं. तरी पाठ्यपुस्तकातून खुराक हा शब्द गेला.

खरं तर या प्रश्नांचा पुरावा त्याच्याही आधीचा होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत ब्रिटिश आणि रशियन सैनिक होते. छावणी एक, काम एक, थंडी एक. फरक एवढाच की ब्रिटिशांना रेडक्रॉसची खाण्याची पार्सलं मिळायची, रशियनांना मिळत नव्हती. नंतर एक्स-रे काढले तेव्हा ब्रिटिशांत शंभरात जेमतेम एकाला टीबी निघाला आणि रशियनांत पंधराहून जास्त जणांना. ही आकडेवारी 1946 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा माझी नोकरीची वीस वर्षं झाली होती.

आता शरीरात काय घडतं ते थोडक्यात. टीबीचा जंतू आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या छातीत शिरलेला असतो. शरीर त्याच्याभोवती पेशींचा कोट बांधतं आणि त्याला आत कोंडून ठेवतं. बहुतेकांच्या बाबतीत तो जन्मभर कोंडलेलाच राहतो. पण कोट पहारेकऱ्यांवर टिकतो आणि पहारेकऱ्यांना जेवण लागतं. प्रथिनं आणि उष्मांक कमी पडले की या पेशी संख्येनंही घटतात आणि कामातही मंदावतात. जंतू सुटतो. सुटला की ताप, खोकला, आणि भूक मेलेली. अन्न आणखी कमी, कोट आणखी कमकुवत. आपल्या भाषेत या रोगाला क्षय म्हणतात, म्हणजे झिजणं. त्या नावात हे चक्र आहे.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी नावाचं गाव आहे. तिथे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेचं रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी 2004 ते 2009 या काळात आलेल्या सुमारे 1,700 टीबी रुग्णांची वजनं नीट नोंदवली. सगळ्या पुरुषांना वजनानं रांगेत उभं केलं तर मधोमध येणारा पुरुष 42 किलोचा होता. बायकांच्या रांगेत मधोमध येणारी बाई होती 34 किलोची. माझी 31 किलोची बाई मला अपवाद वाटली होती. ती अपवाद नव्हती.

त्या डॉक्टरांतले एक होते डॉ. अनुराग भार्गव. पुढे ते आणि डॉ. माधवी भार्गव मंगळुरूच्या येनेपोया मेडिकल कॉलेजात गेले आणि तिथून त्यांनी झारखंडमध्ये एक मोठा प्रयोग केला. त्याचं नाव 'रेशन्स'. आपल्याला ते समजावून सांगायला नकोच. सोबत होती चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था. मंडळी, ही संस्था म्हणजे 1956चं तेच मद्रासचं केंद्र, मोठं झालेलं. ज्या घरातून खुराकाची गोष्ट बाजूला पडली, तेच घर ती पुन्हा तपासायला उभं राहिलं. मला याचं फार कौतुक वाटतं.

ऑगस्ट 2019 ते जानेवारी 2021 या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांतले 2,800 रुग्ण घेतले. त्यांच्या घरात राहणारी माणसं 10,345. यातली जवळपास दोन तृतीयांश आदिवासी: संथाल, हो, मुंडा, ओरांव, भूमिज. रुग्णांपैकी शंभरातले ऐंशीहून जास्त जण कमी वजनाचे होते. सगळ्या रुग्णांना दर महिन्याला तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या. कुठल्याही रुग्णाला उपाशी ठेवून तुलना केली नाही, आणि तशी करूही नये. तुलना घरच्यांची केली. अर्ध्या भागात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. मुलांना त्याच्या निम्मं. उरलेल्या अर्ध्या भागात घरच्यांना वेगळं काही नाही, फक्त रुग्णाचा वाटा.

मग मध्येच टाळेबंदी आली. गाड्या बंद, बाजार बंद. तरीही धान्य पोचत राहिलं आणि जुलै 2022पर्यंत घरोघर जाऊन कुणाला टीबी झाला का हे तपासलं गेलं. मी स्वतः आदिवासी भागात काम केलं आहे. पावसाळ्यात एका पाड्यावर पोचायला किती वेळ लागतो, ते मला माहीत आहे. म्हणून यातल्या शास्त्राइतकाच मी त्या पोती वाहणाऱ्या माणसांना नमस्कार करते.

निकाल 2023च्या ऑगस्टमध्ये आला. ज्या घरांना धान्य मिळालं नाही त्यांच्यात शंभरामागे 2.6 जणांना नव्यानं टीबी झाला. ज्यांना मिळालं त्यांच्यात 1.7 जणांना. काळाचा हिशोब धरला तर टीबी 39 टक्के कमी. आणि बेडक्यात जंतू दिसतो, जो दुसऱ्याला लागतो, तो फुप्फुसाचा टीबी 48 टक्के कमी. साधारण तीस घरांना धान्य पुरवलं तर एक माणूस टीबीतून वाचला.

मी आकड्यांना भुलणारी नाही, म्हणून दोन गोष्टी सांगते. हा 39 आकडा खिळा ठोकल्यासारखा पक्का नाही. खरा फायदा 15 टक्क्यांच्या आसपास असू शकतो, तसाच 57च्या आसपासही. दुसरं, हे झारखंडातल्या हडकुळ्या शरीरांवर दिसलं आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या मधुमेह असलेल्या, 80 किलोच्या माणसाला टीबी झाला तर त्याला तांदळाची पिशवी हा उपाय नव्हे. त्याची साखर आटोक्यात आणायला हवी. पण नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट, आपल्या तालुक्यातल्या ऊसतोड मजुरांच्या झोपड्या, इथली शरीरं झारखंडच्या शरीरांपासून फार लांबची नाहीत.

रुग्णांचा भागही ऐका. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मरण्याचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. इथे जरा थांबायला हवं. जो बरा होऊ लागतो त्याचं वजन आपोआप वाढतं, त्यामुळे सगळं श्रेय अन्नाला देता येणार नाही. तरी 31 किलोच्या पाच टक्के म्हणजे किती? दीड किलो. मी त्या नवऱ्याला दीड किलोबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

सरकारही हललं आहे. निक्षय पोषण योजनेत 2018पासून रुग्णाच्या खात्यात महिन्याला 500 रुपये यायचे, नोव्हेंबर 2024पासून ते 1,000 झाले. चांगलं झालं. पण खात्यात आलेला पैसा आणि ताटात आलेली डाळ यांच्यामध्ये बँक असते, उधारी असते, मुलाची फी असते. मी पिशवीच्या बाजूची आहे.

भाषण इथे संपवणार होते, पण दुसऱ्या रांगेतल्या आशाताईंनी हात वर केला आहे. त्यांचा प्रश्न असा: "मॅडम, पेशंटच्या नावानं दिलेलं पेशंटच खाईल कशावरून? घरात सहा जण असतात."

ताई, नाहीच खाणार. पेशंट आई असेल तर नक्कीच नाही. ती अंडं पोराच्या ताटात टाकेल आणि स्वतः चुलीपाशी सगळ्यात शेवटी उरलेली भाकरी खाईल. या प्रयोगात अर्ध्या भागात घरातल्या प्रत्येकाचा वाटा धरला होता, तो मला म्हणूनच पटतो. सगळ्यांचं पोट भरलं तरच आईचं भरतं. तुमच्या हातात एवढ्या पोत्यांचा पुरवठा आज नाही, हे मला माहीत आहे. पण वजनकाटा आहे. गोळ्या द्यायला जाल तेव्हा पेशंटला त्यावर उभं करा आणि आकडा कार्डावर लिहा. आणि मग घरातल्या बाकीच्यांनाही एकेक करून उभं करा. त्यांच्यात जो सगळ्यात हलका निघेल, त्याचं नाव मला फोन करून कळवा, रात्री उशिरा असलं तरी चालेल.