पिलरिगला गाडी बदला

मंडळी, आत्ता स्क्रीनवर जो उताराचा लांबलचक रस्ता दिसतोय ना, तो लीथ वॉक. वरच्या टोकाला स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा, खाली समुद्राच्या अंगाला लीथ. आणि मधला हा चर्चवाला कोपरा म्हणजे पिलरिग. दिसायला काही खास नाही, पण शंभरेक वर्षांपूर्वी इथे एक शहर संपून दुसरं सुरू व्हायचं, आणि ट्रामने जाणाऱ्याला ते न सांगता कळायचं.

झालं असं की लीथ हे १८३३ पासून वेगळं नगर, स्वतःची कौन्सिल, स्वतःचा प्रोव्होस्ट, म्हणजे आपला नगराध्यक्ष धरा. त्यांनी १९०५ ला विजेच्या ट्राम आणल्या. एडिनबरावाले मात्र केबलला चिकटून बसले. रस्त्याच्या मधोमध फट, फटीखाली अखंड पळणारा लोखंडी दोर, आणि ट्रामने खालून तो दोर पकडून चालायचं, दोर अडकला की त्या लाइनीवरच्या सगळ्या गाड्या जिथल्या तिथे उभ्या. आता विजेची गाडी वर जाईना आणि दोराची खाली येईना, त्यामुळे पिलरिगला सगळ्यांनी उतरायचं, पोरं नि पिशव्या सांभाळत, पाऊस असला तर पावसात, तिकडे तो असतोच म्हणा, आणि पलीकडच्या गाडीत परत जागा धरायची. याला लोक म्हणायचे 'पिलरिग मडल'. पिलरिगचा घोळ.

इथल्या हद्दीवरच्या दारूच्या गुत्त्याचा किस्सा पण सांगतात, बाउंडरी बार नाव, की म्हणे एडिनबराच्या बाजूला बंद व्हायची वेळ झाली की गिऱ्हाईक ग्लास उचलून त्याच खोलीत लीथच्या बाजूला सरकायचं. खरं-खोटं देव जाणे, पण सांगणारे रंगवून सांगतात.

आता या दोन गावांचं वाकडं कशावरून, तर बंदरावरून. १३२९ मध्ये राजा रॉबर्ट द ब्रूसने लीथचं बंदर एडिनबराला देऊन टाकलं. म्हणजे बंदर लीथच्या दारात आणि मालकी एडिनबराची, जहाजं लीथवाल्यांच्या डोळ्यांसमोर लागणार आणि व्यापाराचा हक्क वरच्या शहराकडे. हे पाचशे वर्षं चाललं. शेवटी नवीन गोद्या बांधायच्या नादात एडिनबराच्या कौन्सिलचं १८३३ ला दिवाळं निघालं, आणि त्याच साली लीथ सुटलं.

ती सुटका टिकली ८७ वर्षं. १९२० ला विलीनीकरणाचा विषय आला तेव्हा लीथने लोकांचं मत घेतलं, बाजूने ५,३५७, विरोधात २९,८९१. आणि तरीही १ नोव्हेंबर १९२० ला विलीन केलंच! ट्रामचे दोन संसार शेजारी-शेजारी चालवणं येडेपणाच होता हे मला पण पटतं, पण मग विचारायचं तरी कशाला?

हे बघा, कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटवरचा जुना टाउन हॉल. आता इथे पोलीस स्टेशन आहे, पण आत कौन्सिलचा हॉल तसाच जपून ठेवलाय. आणि लीथ पोलीस म्हटलं की 'द लीथ पोलीस डिसमिसेथ अस', हे पटापट म्हणून बघा, आपलं कच्चा पापड पक्का पापड तसं. प्यायलेल्या माणसाला हे म्हणायला लावायचे म्हणतात.

थोडं आडवळणाने इथे येऊ. हे जे जुनं चर्च दिसतंय ते बांधायला पैसा दिला जॉन ग्लॅडस्टोनने, जन्म लीथचाच, आणि गयानातल्या त्याच्या उसाच्या मळ्यांवर आधी गुलाम राबायचे, ती प्रथा बंद व्हायला लागली तशी १८३८ मध्ये कलकत्त्याहून जहाजात बसवून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर नेले. तेच चर्च १९७६ मध्ये शिखांनी घेतलं. आज इथे गुरुद्वारा आहे.

तर परत ट्रामकडे. १९२२ पासून गाडी पिलरिगला न बदलता सरळ जायला लागली, पण १९५६ ला शहरातली ट्रामच बंद. मग नवीन ट्राम आली २०१४ ला, आणि कुठपर्यंत? विमानतळापासून यॉर्क प्लेसपर्यंत. लीथपर्यंत न्यायचं ठरलं होतं, त्यासाठी लीथ वॉक खणूनही झाला होता, दुकानदारांनी धूळ खाल्ली, आणि खर्च फुगला म्हणून लाइन वरच्या वरच थांबवली. लीथवाले काय म्हणाले असतील ते तुम्हीच ठरवा.

पुढे लाइन वाढवायला परत खणलं, तेव्हा कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटवर साउथ लीथच्या चर्चबाहेर ३६० च्या वर माणसांचे सांगाडे निघाले, चौदाव्या ते सतराव्या शतकातले. रस्ता चर्चच्या जुन्या दफनभूमीवरून गेलेला. याच लीथमध्ये १६४५ च्या प्लेगात निम्मी वस्ती गेली होती.

७ जून २०२३ ला ट्राम एकदाची लीथमधून पार न्यूहेवनपर्यंत गेली. ही बघा, आली. वरून येतीये, चर्चचा कोपरा ओलांडला, गेली पण खाली. पिलरिग नावाचा स्टॉपच नाहीये तिला.