गिरणगावातलं जीवनसत्त्व

(दृश्य : शिजलेली चणाडाळ चाळणीवर ओतली जाते. खाली पातेल्यात पाणी उतरतं.)

पुरणाची डाळ शिजली, चाळणीवर ओतली, की खाली उतरतो तो कट. पिवळसर, जरासा चिकट. नवशिक्या हातानं तो मोरीत ओतला तर घरातली आजी कपाळाला हात लावते. सणाची आमटी गेली की वाहून! आजीला काळजी आमटीची. पण त्या पाण्यात डाळीतलं आणखीही काही उतरलेलं असतं, ब गटातली जीवनसत्त्वं.

पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं एकूण ९. ब गटातली ८ आणि एक क. अ, ड, ई आणि के तेला-तुपात विरघळतात आणि शरीरात मुरून राहतात. या नवांचं तसं नाही. गरजेपेक्षा जास्त झाली की बहुतेक लघवीवाटे निघून जातात. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते, ते त्यातलं बी-२. बी-१२ तेवढं हट्टी. पाण्यात विरघळतं, तरी यकृतात वर्षानुवर्षं टिकतं. आपली गोष्ट मात्र बी-९ची, म्हणजे फोलेटची. त्याची शिल्लक काही महिन्यांतच संपते. आणि त्याचा माग लागला तो मुंबईत, परळला.

(दृश्य : हाफकिन संस्थेची जुनी इमारत. मग गिरणीची धुराडी.)

१९२८ साल. मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा मोठा संप झाला ते वर्ष. त्याच वर्षी लूसी विल्स नावाची चाळीस वर्षांची इंग्रज डॉक्टर हाफकिन संस्थेत कामाला आली. संस्था गव्हर्नरच्या जुन्या निवासात, आणि आजूबाजूला गिरणगाव. बाईंना शोधायचं होतं एका रक्तक्षयाचं कारण. गरोदर बायकांना तो गाठायचा, त्यातही गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना, आणि कित्येकींचा जीव घ्यायचा.

गिरणीतल्या बायका बहुतेक रिलिंग आणि वाइंडिंग खात्यात. दिवसभर सूत गुंडाळायचं, घरी येऊन चूल पेटवायची. ताटात ताजी भाजी, फळं क्वचितच. दिवस भरत येतील तसा चेहरा पांढराफटक, जिना चढताना धाप. अशा बाईला बघून आपल्याकडे एकच वाक्य येतं : अंगात रक्त नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र वेगळंच दिसत होतं. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान होतात. इथे पेशी कमी होत्या, पण होत्या त्या फुगलेल्या. याचं कारण आज कळतं. पेशीला दोन व्हायचं तर आधी डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते आणि त्याला फोलेट लागतं. ते नसलं की पेशी वाढत राहते, विभागत नाही. गरोदरपणी तर आईचं रक्तही वाढायचं असतं आणि बाळही. तुटवडा नेमका तेव्हाच उघडा पडतो.

विल्सबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांचा संशय जेवणावर होता. उंदरांना या बायकांसारखंच निकस खाणं दिलं, तर उंदरांचंही रक्त उतरलं. यीस्ट दिलं की सावरायचे. पुढे कळलं की उंदरांच्या आजाराला उवांतून पसरणारा एक जंतूही कारणीभूत होता! प्रयोग फसला म्हणायचा, पण यीस्टचा धागा खरा निघाला. मग माकडांवर प्रयोग झाले, आणि शेवटी बायकांना मार्माइट देऊन पाहिलं. मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा काळपट, खारट अर्क. इंग्रज तो पावाला लावून खातात. चव सगळ्यांनाच झेपते असं नाही, पण बायकांचं रक्त भरू लागलं. १९३१ मध्ये त्यांनी हे छापून आणलं. मार्माइटमधल्या त्या अनोळखी पदार्थाला नाव पडलं ‘विल्स फॅक्टर’.

(दृश्य : पालकाच्या जुड्या.)

हा ‘विल्स फॅक्टर’ म्हणजेच आपलं फोलेट. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून ते वेगळं केलं, आणि त्याला म्हटलं फॉलिक ॲसिड. लॅटिनमध्ये फोलियम म्हणजे पान, म्हणून हे नाव. १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं गेलं, आणि त्या कामाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव.

पालक उकळून पाणी फेकलं की फोलेटचा बराच भाग त्या हिरव्या पाण्याबरोबर जातो. थोडं उष्णतेनंही मोडतं. मेथी परतली, अळूचं फदफदं केलं, की निदान पाणी पानातच राहतं.

(दृश्य : आशाताई गोळ्यांची पट्टी हातात देते.)

गरोदर बाईला आशाताई जी लाल गोळी देते, तिला गावात सगळे लोहाची गोळी म्हणतात. तीत ६० मिलिग्रॅम लोह आहे, पण ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडही आहे. म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, साखरेच्या एका दाण्याएवढं. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते, आणि ती नीट मिटायलाही फोलेट लागतं. तेव्हा पाळी चुकल्याचं बाईच्या नुकतं कुठे लक्षात येत असतं. म्हणून मूल हवं असेल तर डॉक्टर फॉलिक ॲसिड आधीपासूनच घ्यायला सांगतात. आशाताईची पट्टी बहुतेकींच्या हातात पडते ती त्यानंतर.