मुंबई विमानतळ: दाटीत वाढलेल्या वास्तूची ओळख

मित्रहो, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाबद्दल प्रवाशांच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात: दोन टर्मिनल एकमेकांपासून लांब आहेत, उतरण्यापूर्वी विमान आकाशात घिरट्या घालते, आणि निघताना धावपट्टीपाशी रांगेत उभे राहावे लागते. या सर्वांचे मूळ एकाच गोष्टीत आहे. हा विमानतळ मोकळ्या माळरानावर आखलेला नाही, तो वाढत्या शहराच्या पोटात मिळेल त्या जागेत वाढला. म्हणून त्याच्या सोयी सांगताना मला त्याचा इतिहासही सांगावा लागणार आहे.

मुंबईच्या नागरी विमानवाहतुकीची सुरुवात जुहूला झाली. तिथला विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आपले छोटे पस मॉथ विमान स्वतः चालवीत तिथेच उतरले. पण जुहूची जमीन सखल असल्यामुळे पावसाळ्यात तिथे पाणी साचे, आणि मोठ्या विमानांना पुरेल एवढी लांबीही नव्हती. शेजारी सांताक्रूझला, म्हणजे आजच्या विमानतळाच्या जागी, दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्स या ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये, नागरी उड्डाणे तिकडे गेली आणि १९५८ मध्ये तिथे प्रवाशांसाठी नवी इमारत उभी राहिली.

हे दोन तळ इतके जवळ आणि त्यांच्या धावपट्ट्यांची दिशा इतकी सारखी, की अनुभवी वैमानिकही फसले. १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाचेही तेच झाले, आणि ते तर धावपट्टी संपून पुढे गेले. आजही सांताक्रूझहून पश्चिमेकडे उड्डाण केल्यावर खिडकीतून खाली पाहिले, तर समुद्र लागण्याआधी जुहूची ती आखूड पट्टी दिसू शकते. आता तिथून मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात.

आता धावपट्ट्यांकडे वळू. सांताक्रूझला त्या दोन आहेत, पण एकमेकींना छेदणाऱ्या. मुख्य पट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर लांब आहे, दुसरी तीन किलोमीटरच्या आत. त्या छेदतात म्हणून दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने सोडता येत नाहीत, आणि व्यवहारात बहुतेक भार एकाच पट्टीवर पडतो. घिरट्यांचे आणि रांगेचे खरे कारण हे आहे. त्याचा दोष वैमानिकाला किंवा विमान कंपनीला देणे अन्यायाचे ठरेल. समांतर दुसरी पट्टी घालायला जमीनच नाही, कारण कुंपणाला लागून वस्ती आहे आणि खालून मिठी नदी वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा विमानतळ दिवसाहून अधिक काळ बंद ठेवावा लागला. भर पावसाळ्यात घरातून निघण्यापूर्वी विमानाची वेळ पुन्हा पाहून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगतो.

आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी १९८१ मध्ये सहारला वेगळे टर्मिनल झाले, आणि तेव्हापासून एका विमानतळाची दोन दारे झाली. टर्मिनल एक विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, टर्मिनल दोन अंधेरी पूर्वेला. तिकिटावरचा टर्मिनलचा क्रमांक नीट वाचा, कारण देशांतर्गत विमाने दोन्हीकडून सुटतात आणि मधला रस्ता गर्दीच्या वेळी घाम फोडतो. आता मेट्रो तीन या भुयारी मार्गाची स्थानके दोन्ही टर्मिनलपाशी आहेत आणि मध्ये फक्त सहार रोड हे एक स्थानक लागते. सामान बेताचे असेल तर मी मेट्रोच सुचवीन. पुढच्याच मरोळ नाक्याला घाटकोपर-वर्सोवा मार्गही मिळतो.

सध्याचे टर्मिनल दोन २०१४ मध्ये सुरू झाले. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेने त्याचा आराखडा इंग्रजी एक्स अक्षरासारखा केला, कारण जुने टर्मिनल चालू ठेवून त्याच्या भोवती टप्प्याटप्प्याने नवे बांधायचे होते. अडचणीतून निघालेली ही रचना मला मनापासून आवडते. सर्वांत वरच्या मजल्यावर, म्हणजे निघणाऱ्यांच्या दालनात, क्षणभर थांबून वर पाहा. खांब वर जाताना छत्रीसारखे पसरतात, छताच्या खणांत रंगीत काचेच्या लहान चकत्या बसवलेल्या आहेत, आणि ऊन असेल तर त्यांचे ठिपके फरशीवर उतरतात. यामागची कल्पना मोरपिसाऱ्याची आहे.

त्याच टर्मिनलमध्ये राजीव सेठी यांच्या मार्गदर्शनाखाली मांडलेले ‘जय हे’ हे संग्रहालय आहे. जुन्या वाड्यांचे दरवाजे, झरोके, कोरीव तुळया आणि देशभरच्या लोककलाकारांचे काम अशा हजारो वस्तू चालण्याच्या वाटेवरच्या भिंतीभर लावल्या आहेत. त्यासाठी वेगळे तिकीट लागत नाही, वेळ मात्र हाताशी हवा. म्हणून माझा सल्ला असा, की सुरक्षा तपासणी आधी आटोपून घ्या आणि खाणे, खरेदी, भिंती पाहणे हे सारे पलीकडे करा. देशांतर्गत प्रवासात डिजीयात्रा हे मोबाइल अ‍ॅप वापरल्यास प्रवेशद्वाराची रांग चेहरा दाखवून ओलांडता येते. लांब थांबा असणाऱ्यांसाठी आतच हॉटेल आहे, विश्रांतीची दालने आहेत, आणि पिण्याचे पाणी फुकट मिळते; रिकामी बाटली सोबत ठेवली की झाले.

शेवटची गोष्ट तिकीट काढण्याबद्दलची. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून शहराच्या नावापुढे दोन विमानतळ दिसतात. दादरहून किंवा बोरिवलीहून निघणाऱ्याला सहार जवळ, तर पनवेलच्या माणसाला नवी मुंबई. भाड्यातला फरक पाहताना तिथवर पोहोचण्याचा खर्च आणि वेळही त्यात धरा.