पडद्यावरचा काळसर ठिपका

सोनोग्राफीचं जेल गार लागतं, म्हणून डॉक्टर ते आधी तळहातावर घेतात. मग प्रोब उजव्या बरगड्यांखाली. "मोठा श्वास घे... धर..." सात वर्षांच्या या मुलीला हे आता पाठ आहे. सांगायच्या आधीच ती श्वास धरते.

तिला टायरोसिनेमिया आहे, प्रकार १. आईबाबा दोघंही ठणठणीत, पण सदोष जनुकाची एकेक प्रत दोघांकडून तिच्याकडे आली. टायरोसिन या अमिनो आम्लाचं विघटन शेवटच्या पायरीवर अडतं आणि घातक द्रव्यं यकृतात साठतात. पेशी मरतात, नव्या येतात, त्यांच्याच गाठी होतात.

आता मॉनिटरकडे बघा. निरोगी यकृत एकसारखं करडं दिसतं. हे खरबरीत आहे. आणि प्रोब थांबलाय तिथे, हा काळसर ठिपका. दोन टोकांना दोन फुल्या, मधलं अंतर ११ मिलिमीटर. मागच्या खेपेला तो नव्हता.

अशा यकृतात निरुपद्रवी गाठी असतात, तसा कर्करोगही होऊ शकतो. सोनोग्राफीत दोन्ही सारखेच दिसू शकतात. मोठ्यांच्या गाठी वाचायला लाय-रॅड्स ही ठरलेली पद्धत आहे; १८ वर्षांखालच्या मुलांना ती लागू नाही.

म्हणून एमआरआय. त्या चुंबकाच्या खोलीत आमचा कॅमेरा नेता आला नाही, काचेपलीकडून दिसलं तेवढंच. सीटीतले क्ष-किरण इथे नसतात. वर्षानुवर्षं तपासण्या करायच्या लेकरासाठी ही मोठीच गोष्ट. शिरेतून कॉन्ट्रास्ट जातं, म्हणजे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून दिलेलं द्रव्य. कर्करोगाची गाठ बहुधा धमनीच्या रक्ताने आधी उजळते आणि भोवतालच्या यकृताच्या आधी फिकी पडते. मग २० मिनिटं थांबायचं. हे कॉन्ट्रास्ट यकृतपेशी शोषून घेतात. कर्करोगाची गाठ तेव्हा बहुधा काळी उरते.

ही बघा. वीस मिनिटांनंतरही उजळ आहे. यकृताच्या कर्करोगात बहुधा वाढणारं रक्तातलं प्रथिन, एएफपी, तेही वाढलेलं नाही.

नायटिसिनोन हे औषध १९९२पासून या आजारावर माहीत आहे. तान्हेपणीच सुरू झालं तर कर्करोगाचा धोका खूप घटतो, संपत मात्र नाही. उशिरा सुरू झालं तर धोका जास्त. गाठ कर्करोगाची निघालीच, तर प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो.

मूल खेळतंय, जेवतंय, शाळेत जातंय, म्हणून सोनोग्राफीची तारीख पुढे ढकलू नका. अकरा मिलिमीटर दुखत नाहीत.

आई पोटावरचं जेल पुसते. फाईलवर नवी तारीख पडते: सहा नाही, या वेळी तीन महिन्यांनी.