एका घराची दोन वावरे

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये पहिला पाऊस पडून गेला की एकाच घरची माणसे वेगवेगळ्या तुकड्यांवर पेरणीला लागतात. घराचे सामाईक शेत कुटुंबप्रमुखाच्या ताब्यात असते आणि त्यात सगळ्यांनीच राबायचे असते. त्याखेरीज बायकोचा स्वतःचा तुकडा असतो, आणि घरात दोघी सवती असतील तर दोघींचे तुकडे वेगळे असतात. डाबा नावाचे आखूड दांड्याचे अवजार घेऊन, कमरेतून पार वाकून, बाई आधी सामाईक शेतातले तण काढते आणि उरलेल्या वेळात आपल्या ज्वारीकडे, भुईमुगाकडे किंवा भेंडीकडे वळते. तिच्या तुकड्यात जे पिकते ते तिचे असते.

डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसेरुप यांनी १९७० मध्येच लिहून ठेवले होते की सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत शेतीचा मोठा भार बायका वाहतात, आणि शेती सुधारण्याच्या योजना मात्र पुरुषांच्या हाती दिल्या जातात. तरीही अर्थशास्त्राच्या बहुतेक मांडणीत घर हा एकच जीव मानला जात होता. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांच्या कुटुंबविषयक सिद्धांतापासून पुढे आलेला समज असा होता की घरातले मनुष्यबळ आणि साधने जिथे सर्वाधिक उपयोगी पडतील तिथेच आपोआप लागतात. घरात वाद असले, तरी ते पिकलेल्या धान्याच्या वाटणीवरून असतील. पिकवताना कोणी नुकसान करून घेणार नाही, असे त्यात गृहीत धरलेले होते.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ क्रिस्टोफर उड्री यांनी हे गृहीतक शेताच्या बांधावर तपासले. त्यासाठी लागणारी माहिती एका भारतीय धाग्याने आपल्याशी जोडलेली आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने १९७५ पासून कोरडवाहू गावांचा घरोघरी अभ्यास सुरू केला होता, आणि त्या पहिल्या गावांमध्ये सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, तसेच अकोला जिल्ह्यातली कंझारा आणि किनखेडा ही गावे होती. नोंदणीची तीच चिकाटीची पद्धत संस्थेने पुढे पश्चिम आफ्रिकेत नेली. १९८१ ते १९८५ या काळात बुर्किना फासोच्या सहा गावांतल्या सुमारे १५० घरांमध्ये प्रत्येक तुकड्यावर कोणते पीक होते, तो कोणाच्या ताब्यात होता, त्यावर कोण किती राबले आणि किती खत पडले, याच्या नोंदी झाल्या. नोंदी सुरू झाल्या तेव्हा देशाचे नाव अप्पर व्होल्टा होते. १९८४ मध्ये ते बदलले.

उड्री यांचा शोधनिबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची तुलना बारकाईची आहे. एकच घर, तेच वर्ष, तेच पीक. एक तुकडा पुरुषाच्या ताब्यातला आणि दुसरा बाईच्या. मातीचा प्रकार, तुकड्याचा आकार आणि उंचसखलपणा यांचाही हिशेब धरल्यावर बायकांच्या तुकड्यांवरचे उत्पन्न सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले. कारण नोंदींमध्येच होते. पुरुषांच्या तुकड्यांवर घरातल्या पुरुषांचे, मुलांचे आणि बाहेरच्या मदतनिसांचे श्रम अधिक पडत होते, आणि जवळजवळ सगळे खत तिथेच जात होते.

इथे थोडे थांबून त्या खताचा विचार करायला हवा, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. उपाशी जमिनीवर टाकलेली शेणखताची पहिली टोपली पिकाला जेवढे बळ देते, तेवढे आधीच खत मिळालेल्या जमिनीवरची दहावी टोपली देत नाही, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तेव्हा नवऱ्याच्या तुकड्यावरच्या काही टोपल्या आणि काही दिवसांची मजुरी पलीकडे बायकोच्या तुकड्यावर गेली असती, तर त्याच घरात, त्याच जमिनीवर, एक पैसाही जास्त न लावता धान्य वाढले असते. साधने अशी चुकीच्या जागी लागल्यामुळे सुमारे ६ टक्के उत्पादन बुडते, असा उड्री यांचा अंदाज आहे. ज्या घरांत पुढच्या सुगीपर्यंत कणगी पुरेल याची खात्री नसते, त्या घरांतले हे ६ टक्के आहेत. बाईला शेती जमत नाही, हा सोपा निष्कर्ष या आकड्यांनी कायमचा मोडीत काढला, आणि माझ्या मते या संशोधनाचे सर्वात मोठे देणे तेच आहे.

पुढे बुर्किना फासोतच झालेल्या हारूनान काझियांगा आणि झाकी वाहाज या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासाने या चित्राला वेगळी बाजू जोडली. त्यांच्या पाहणीत खरी दरी कुटुंबप्रमुख आणि बाकीची माणसे यांच्यात होती. प्रमुख नसलेल्या पुरुषांच्या आणि बायकांच्या तुकड्यांवरचे उत्पन्न जवळपास सारखेच निघाले. म्हणजे श्रम आणि खत घरातल्या अधिकाराकडे ओढले जातात, आणि तो अधिकार बहुतेक वेळा पुरुषाकडे असतो.

अधिकाराची हीच ओढ उड्री आणि अर्थशास्त्रज्ञ मार्कस गोल्डस्टीन यांना घानाच्या आक्वापिम भागातही दिसली होती. तिथे कसावा हे कंदपीक आणि मका एकत्र पिकवतात, आणि जमिनीचा कस परत यावा म्हणून ती काही वर्षे पडीक ठेवावी लागते. जमीन मात्र मातृवंशीय कुळाची असते आणि तिचे वाटप कुळातले कर्ते करतात. जमीन कसत असेपर्यंत ती तुमची. पडीक ठेवली की ती दुसऱ्या गरजू माणसाला दिली जाण्याची भीती असते. ज्यांच्याकडे गावातले किंवा कुळातले मानाचे पद आहे, ते निर्धास्तपणे जमिनीला विश्रांती देतात. बायकांकडे अशी पदे क्वचितच असतात, म्हणून त्या थकलेली जमीनही पेरत राहतात, आणि नवऱ्याच्या तुलनेत त्यांच्या हाती फार कमी नफा पडतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाईच्या कष्टांत कुठेही उणेपण सापडत नाही. जमीन विसावत असताना ती आपलीच राहील, हा भरवसा मात्र तिला मिळालेला नाही.

असा भरवसा दिला तर काय होते, हे घानापासून फार दूर नसलेल्या बेनिनमध्ये पाहता आले. तिथल्या सरकारने चिठ्ठ्या टाकून काही गावे निवडली आणि त्या गावांत जमिनीच्या मोजणीची मोहीम राबवली. गावकऱ्यांसमोर प्रत्येक तुकड्याची हद्द ठरली आणि कोपऱ्यांवर खुणेचे दगड रोवले गेले. मालकीचे कागद अजून हाती आलेले नव्हते. रोवलेले होते ते फक्त दगड आणि त्यांना साक्षी असलेले गाव. या मोहिमेवर गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की मोजणी झालेल्या गावांत जमीन पडीक ठेवण्याच्या बाबतीत बाई आणि पुरुष यांच्यातला फरक पुसला गेला. त्या दगडांच्या आत, बायकांच्या ताब्यातल्या काही तुकड्यांवर, त्या वर्षी कोणीही पेरणी केली नव्हती. तिथे गवत वाढत होते आणि जमीन विसावा घेत होती.