थ्री फिफ्टीन म्हणजे किती? काडतुसांच्या नावांविषयी

(सातारा येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय कळवला तेव्हा संयोजक म्हणाले, १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, आता शिकारीच्या काडतुसांवर ऐकायला कोण येणार? आणि हे बघा, सभागृह भरलंय. साताऱ्यात हे व्हायचंच. अपशिंग्यासारखी फौजींची गावं आपल्या जिल्ह्यात आहेत, पुढच्या रांगांत माजी सैनिक बसलेत. जावळी-पाटणकडची शेतकरी मंडळीही दिसतात, रानडुकरांपायी पीकसंरक्षणाचा परवाना घेतलेली. तेव्हा पुंगळी, ठिणगी देणारी टोपी, दारू आणि गोळी मिळून काडतूस होतं, हे मी सांगत बसत नाही.

मला बोलायचंय ते काडतुसावरच्या आकड्याबद्दल. लोक तो आकडा ताकदीचं माप म्हणून वाचतात. मोठा आकडा, मोठी ताकद! यानं फार घोटाळे होतात.

एका शस्त्रप्रदर्शनात गेलो होतो. कुठल्या ते सांगत नाही. काचेच्या कपाटात इशापूरच्या कारखान्यातली स्पोर्टिंग रायफल, म्हणजे शिकारीची रायफल, ठेवलेली. अक्रोडाचा दस्ता, बोल्टला हलकं तेल, दस्त्यावर खांदा टेकून टेकून आलेली चकाकी. आणि खाली पांढऱ्या पुठ्ठ्यावर सुबक अक्षरांत, ‘रायफल, ३१५ मिमी’. आता ३१५ मिलिमीटर म्हणजे एक फुटाहून जास्त. एवढ्या तोंडाच्या तोफा युद्धनौकांवर असायच्या. तिथल्या मुलाला म्हटलं, बाळा, हे इंचातलं माप आहे, पॉइंट गळलाय. .३१५ इंच, म्हणजे ८ मिलिमीटर. तो म्हणाला, “काका, सगळे थ्री फिफ्टीनच म्हणतात की!” मी रीतसर लेखी अर्ज दिला. पुढे परत गेलो, तर पाटी खरंच बदललेली. ‘रायफल, ३.१५ मिमी’! (हशा) हसताय, पण एअरगनचा छर्रासुद्धा साडेचार मिलिमीटरचा असतो हो. दुसरा अर्ज दिला. त्याचं उत्तर आलं नाही.

मला वाईट वाटतं ते पाटीपेक्षा त्या रायफलीचा इतिहास पुसला गेला याचं. ती .३१५ ची का? कारण थ्री नॉट थ्री हे फौजेचं काडतूस. ते खाजगी माणसाच्या हाती पडू द्यायचं नव्हतं. म्हणून ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं ८×५० आर हे काडतूस उचललं, ते इकडं थ्री फिफ्टीन झालं, आणि ते आपल्या खडकीच्या कारखान्यात बनू लागलं. सरकारला कुणाच्या हातातल्या बंदुकीची भीती वाटत होती, ते त्या आकड्यात लिहिलेलं आहे.

याच भीतीची आणखी एक गोष्ट आहे. अध्यक्ष घड्याळ बघतायत, पण ही सांगतोच. १८५७ च्या काडतुसांची गोष्ट आपण शाळेत शिकलो. ती एनफिल्ड रायफलीची, .५७७ इंचाची, कागदी काडतुसं. पुढे त्याच मापाची धातूची पुंगळी आली, आणि तिचं तोंड आवळून .४५० ची गोळी बसवली. हे मार्टिनी-हेन्री रायफलीचं काडतूस, १८७१ चं, नाव .५७७/४५०. इंग्रज आधी आईचं, म्हणजे मूळ पुंगळीचं माप लिहितात आणि मग लेकीचं. या मार्टिनी रायफली बंडखोरांच्या हाती जाऊ लागल्या, तेव्हा सरकारनं हिंदुस्थानात .४५० चा माल आणायलाच बंदी केली. झालं! विलायतेतल्या बंदूकवाल्यांचं हत्ती-गव्याच्या शिकारीचं गिऱ्हाईक सगळं इकडं. त्यांनी लगोलग .४६५, .४७०, .४७५, .४७६ काढली. जनावर तेच, ताकद जवळपास तीच, आकडे मात्र कायद्यानं जन्माला घातलेले. आज कुणी .४७० आणि .४७५ मध्ये भारी कुठलं म्हणून वाद घालतो, तेव्हा मला हे सगळं सांगावंसं वाटतं.

आपल्या आडनावांचंही असंच असतं. कुणाचं गावावरून, कुणाचं हुद्द्यावरून. पण कुलकर्णी आडनाव ऐकून त्यांच्या दारात कुणी सातबारा मागायला जात नाही.

(अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, भराभर घेतो.)

अमेरिकन नावं. .४५-७० मध्ये ७० म्हणजे काळ्या दारूचे ग्रेन. एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅमचा. .३०-३० मध्ये दुसरे ३० बिनधुराच्या दारूचे. मग .३०-०६ मध्ये सहा ग्रेन दारू का? मुळीच नाही, ते साल आहे, १९०६. आणि .२५०-३००० मध्ये ३००० हा सेकंदाला फुटांत वेग, जाहिरातीसाठी नावातच घातलेला. चार नावं, जोडआकड्याचे तीन अर्थ.

पहिला आकडाही सरळ नसतो. नळीत गोळीला फिरकी देणारे आटे असतात, त्यांच्या उंचवट्यांमधून मोजलं तर .३००, खाचांच्या तळातून मोजलं तर .३०८. थर्टी ऑट सिक्सची, म्हणजे .३०-०६ ची, गोळी .३०८ चीच. १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. तिचं काडतूस म्हणजे जर्मनांचं ७×५७ माऊझर, आणि गोळी .२८४ ची! युरोपियन पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. नळीचं माप, गुणिले पुंगळीची लांबी. पुढे ‘आर’ असेल तर बुडाला रिम, म्हणजे बाहेर आलेली कड.

आता मुख्य भाग, तुलना. .३०-३०, .३०८, .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम, चौघांची गोळी एकाच जाडीची, .३०८ इंच. चौघांत १५० ग्रेनची, म्हणजे ९.७ ग्रॅमची गोळी घाला. नळीतून निघताना वेग साधारण सेकंदाला ७३०, ८६०, ८९० आणि १००० मीटर. ऊर्जा २६००, ३६००, ३८०० आणि ४९०० ज्यूलच्या आसपास. जाडी तीच, वजन तेच, ऊर्जा जवळजवळ दुप्पट, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. .३०-३० मागे का? दारू कमी, शिवाय दाबाची मर्यादा ४२,००० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला पौंड. .३०८ ची ६२,००० आहे. त्यात .३०-३० ची काडतुसं नळीसारख्या मॅगझिनमध्ये एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्याच्या टोपीवर टेकून धोका होईल, म्हणून नाक चपटं ठेवतात, आणि चपटं नाक हवेत वेग लवकर गमावतं. पुंगळी लांब म्हणजे जोर जास्त, हेही धरून चालू नका. .३०-३० ची पुंगळी .३०८ पेक्षा किंचित लांबच आहे! म्हणून गोळीचं वजन, वेग आणि दाब, हे तिन्ही विचारा.

आणि पीकसंरक्षणवाल्यांनो, तुमच्यासाठी शेवटचं. छर्ऱ्याच्या बारा बोअर बंदुकीत आकडा उलटा चालतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एकीची जी जाडी, ती बारा बोअर. वीस केल्या तर वीस बोअर, म्हणजे नळी लहान. वीसचं काडतूस चुकून बाराच्या नळीत टाकलं तर ते आत घसरून पुढे अडकतं, आणि मागून पाहणाऱ्याला नळी रिकामी वाटते. तो बाराचं भरतो, चाप ओढतो, आणि नळी त्याच्या डाव्या हातापाशी फुटते. म्हणूनच वीस बोअरचं काडतूस पिवळ्या रंगाचं करतात. दोन्ही बोअरच्या बंदुका एकाच घरात असतील, तर काडतुसांचे डबे वेगळ्या कपाटांत ठेवा, आणि भरण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार बघा.