पत्रपेटीची किल्ली

हेल्मर कुटुंबाच्या घराच्या दाराशी एक पत्रपेटी आहे. तिला काच असल्यामुळे आत पडलेले पत्र बाहेरून दिसते. पण तिला कुलूपही आहे आणि त्या कुलपाची किल्ली घरधनी स्वतःजवळ बाळगतो. नॉर्वेचे नाटककार हेन्रिक इब्सेन यांच्या ‘अ डॉल्स हाऊस’ या नाटकातील धाकदपटशा समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात या पेटीपासून करावी लागते.

२१ डिसेंबर १८७९ रोजी कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. कथानक नाताळच्या तीन दिवसांत घडते. त्यामागचे गुपित मात्र अनेक वर्षांचे आहे. लग्नानंतर लवकरच टोरवाल्ड हेल्मर गंभीर आजारी पडला. दक्षिणेच्या उबदार हवेत नेले नाही तर तो वाचणार नाही, असे डॉक्टरांनी नोराला, त्याच्या पत्नीला, एकटीला गाठून सांगितले. त्या काळी नवऱ्याच्या संमतीशिवाय विवाहित स्त्रीला कर्ज काढता येत नसे, आणि कर्जाचे नावही हेल्मरला खपत नसे. नोराने क्रोग्स्टाड नावाच्या माणसाकडून ४,८०० क्रोनर घेतले, पैसे माहेरून मिळाले असे नवऱ्याला सांगितले आणि वर्षभर इटलीत राहून त्याला बरा करून आणला. कर्जरोख्यावर जामीनदार म्हणून वडिलांची सही लागत होती. वडील मरणपंथाला लागले होते. त्या अवस्थेत त्यांच्यापुढे हे संकट नेण्याचा तिला धीर झाला नाही, म्हणून ती सही तिने स्वतःच केली.

घरखर्चातून आणि स्वतःच्या कपड्यांच्या पैशांतून काटकसर करून ती हप्ते फेडत राहिली. एका हिवाळ्यात तर खोलीचे दार लावून घेऊन तिने रात्र रात्र नकला उतरवण्याचे काम केले. अंग मोडून येई, पण आपण जणू पुरुषासारखे कमावतो आहोत याचा त्यात आनंदही होता, असे ती मैत्रिणीला, क्रिस्टीन लिंडेला, सांगते. हे तिचे बोलणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण हे गुपित ती अपराध म्हणून लपवत नाही. तिच्या आयुष्यातली तीच एक अभिमानाची ठेव आहे.

क्रोग्स्टाडने घाव घातला तो नेमका या ठेवीवर. वडील वारले २९ सप्टेंबरला आणि रोख्यावरच्या त्यांच्या सहीखाली तारीख पडली २ ऑक्टोबरची. हेल्मर ज्या बँकेचा व्यवस्थापक होणार आहे, तिथली आपली नोकरी टिकावी, एवढीच सुरुवातीला क्रोग्स्टाडची मागणी असते. त्यानेही पूर्वी असाच एक गुन्हा केलेला आहे आणि त्यापायी त्याची अब्रू गेलेली आहे. कायदा हेतू विचारत नाही, असे तो नोराला बजावतो. मग तो कायदाच वाईट असला पाहिजे, असे ती तिथल्या तिथे उत्तर देते.

लॉरा कीलर ही लेखिका इब्सेन यांच्या परिचयाची होती. क्षयाने आजारी असलेल्या पतीला इटलीला नेण्यासाठी तिनेही गुपचूप कर्ज काढले होते. ते उघडकीस आल्यावर तिची रवानगी मनोरुग्णालयात झाली. नोराची हकिकत तिच्यावरूनच सुचली, असे मानले जाते.

हेल्मर क्रोग्स्टाडला कामावरून काढतो, तेव्हा मागणी चढते. आता त्याला नुसती नोकरी नको, वरची जागा हवी. वर्षभरात ती बँक आपणच चालवू, असे तो सुनावतो. जाताना तो हेल्मरला सारे कळवणारे पत्र पेटीत टाकतो. काचेतून ते पत्र दिसते, आणि नोराला ते काढता येत नाही. पुढे हेल्मरला पेटीच्या कुलपात केसांची मोडकी पिन सापडते, तेव्हा हा मुलांचा उद्योग असेल, असे ती सांगते. नवऱ्याने पेटीकडे जाऊ नये म्हणून ती टारांटेला या इटलीतल्या वेगवान लोकनृत्याची तालीम मांडते आणि अंगात आल्यासारखी नाचते. दुसरा अंक संपतो तेव्हा ती हिशेब करते: जगायला एकतीस तास उरले. सत्य कळले की नवरा सारा दोष स्वतःच्या शिरावर घेईल, अशी तिची खात्री आहे आणि तसे घडू नये म्हणून ती जीव द्यायला निघाली आहे.

खरे तर ते पत्र परत घेता आले असते. क्रिस्टीन आणि क्रोग्स्टाड यांची जुनी प्रीती पुन्हा जुळते आणि तो पत्र मागे घ्यायला तयारही होतो. क्रिस्टीनच त्याला थांबवते, कारण नोरा आणि हेल्मर यांच्यामधली लपवाछपवी संपलीच पाहिजे, असे तिला वाटते.

पत्र वाचून हेल्मर पत्नीला ढोंगी आणि गुन्हेगार ठरवतो, मुलांना तिच्या हाती ठेवणार नाही म्हणतो. पण जगासमोर संसार होता तसाच दिसला पाहिजे, असा त्याचा आग्रह. तेवढ्यात क्रोग्स्टाडचे दुसरे पत्र येते आणि त्यासोबत कर्जरोखाही परत येतो. ‘मी वाचलो’, असे तो ओरडतो. ‘आणि मी?’ असे नोरा विचारते, तेव्हा त्याला तिची आठवण होते. रोखा शेगडीत जळतो आणि तो उदारपणे तिला क्षमा करतो. त्याच्या रागापेक्षा ही क्षमा मला अधिक क्रूर वाटते, कारण जिने त्याचा जीव वाचवला तिचे ऋण त्याच्या लेखी उरलेलेच नाही. क्रोग्स्टाडची भीती संपते आणि त्याच घटकेला लग्नही संपते: नोरा नवऱ्याला आणि मुलांना सोडून घराबाहेर पडते.

जर्मनीत नोराचे काम करणाऱ्या हेडविग नीमान-राबे हिने हा शेवट करायला नकार दिला, तेव्हा इब्सेन यांना नोरा घरातच थांबते असा शेवट लिहून द्यावा लागला. तो अत्याचार असल्याचे त्यांनी स्वतःच म्हटले. मराठीत अनंत काणेकरांनी या नाटकावरून ‘घरकुल’ लिहिले.

मूळ नाटकात नोरा लग्नाची अंगठी परत करते आणि घराच्या किल्ल्या ठेवते. मी तुला पत्र लिहू का, असे हेल्मर विचारतो. ती म्हणते, नाही, कधीच नाही.